दार उघडणाऱ्याच्या मनात काय होतं?

1959 चा ऑक्टोबर महिना. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीपुढे टेलिव्हिजनवरच्या प्रश्नमंजूषांची चौकशी सुरू झाली. लाखो घरांत श्वास रोखून पाहिले जाणारे हे सामने आधीच ठरवलेले असतात, असा आरोप होता. त्याच महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या गणिती करमणुकीच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी तीन कैद्यांचं एक कोडं छापलं. चौकशीची बातमी देशभर गाजली. कोडं मोजक्या वाचकांनी सोडवलं आणि पान उलटलं. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. ज्याला सगळं ठाऊक आहे असा माणूस समोर उभा आहे आणि आपल्याला काहीच ठाऊक नाही. अशा वेळी आपल्या नशिबाचं गणित कसं मांडायचं?

या प्रश्नाचा पुढचा तीस-पस्तीस वर्षांचा प्रवास टेलिव्हिजनच्या स्टुडिओतून विद्यापीठांत आणि विद्यापीठांतून रविवारच्या पुरवणीत झाला. त्यात एका बाईला हजारो लोकांनी अडाणी ठरवलं. मोठमोठे गणिती चुकले. आणि अखेर सगळ्यांत नेमकी गोष्ट सांगितली ती ज्याच्या नावाने कोडं ओळखलं जातं त्या सूत्रसंचालकानेच.

काचेच्या खोलीतला घाम

चौकशीच्या केंद्रस्थानी होता एनबीसी वाहिनीवरचा ‘ट्वेंटी वन’. दोन स्पर्धक काचेच्या दोन बंद खोल्यांत उभे राहत. कानांवर हेडफोन, कपाळावर घाम. 1956 साली हर्बर्ट स्टेंपेल नावाचा तरुण तिथे आठवड्यामागून आठवडा जिंकत होता. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, लष्करातली नोकरी करून आलेला आणि सिटी कॉलेजात शिकणारा. निर्माते डॅन एनराइट त्याला प्रश्न आणि उत्तरं आधीच देत. एवढंच करून ते थांबत नसत. केस कसे कापायचे, कोणता जुनाट सूट घालायचा, उत्तर देताना कुठे अडखळायचं, हे सगळं घोटून घेतलं जाई. कपाळावरचा घाम रुमालाने पुसायचा नाही, नुसता टिपायचा, इथपर्यंत तालीम होती.

मग प्रेक्षकांना स्टेंपेलचा कंटाळा येऊ लागला. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा, देखणा, नामवंत साहित्यिक घराण्यातला चार्ल्स व्हॅन डोरेन समोर आणला गेला. 1955 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला, या प्रश्नाचं उत्तर स्टेंपेलला पाठ होतं. ‘मार्टी’ हा त्याचा आवडता चित्रपट होता. त्याला तो प्रश्न चुकवायला सांगण्यात आलं आणि त्याने चुकवला. व्हॅन डोरेन पुढे 1,29,000 डॉलर जिंकून देशाचा लाडका झाला. 2 नोव्हेंबर 1959 रोजी त्याने संसदीय उपसमितीपुढे सगळं कबूल केलं. पुढच्याच वर्षी अशा स्पर्धांचे निकाल ठरवून लावणं हा अमेरिकेत कायद्याने गुन्हा ठरला.

लढत बरोबरीची आहे असं त्या रात्री पाहणाऱ्याला वाटत होतं. प्रत्यक्षात स्टेंपेलची जिंकण्याची शक्यता शून्य होती. पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीत हा फरक नव्हता. खोल्या त्याच, प्रश्न तेच, घड्याळाची टिकटिक तीच. फरक होता तो कार्यक्रम चालवणाऱ्याला काय ठाऊक होतं आणि त्याला कोण जिंकायला हवं होतं, यात. पक्षपाताचं हे सगळ्यांत ढोबळ रूप. पुढे आलं ते फार बारीक होतं आणि म्हणूनच पकडायला अवघड.

प्रश्न नसलेला खेळ

30 डिसेंबर 1963 रोजी एनबीसीवर ‘लेट्स मेक अ डील’ सुरू झाला. स्टीफन हॅटोस आणि माँटी हॉल या दोघांनी तो उभा केला होता आणि हॉल त्याचे सूत्रसंचालक होते. 1921 साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये जन्मलेल्या हॉल यांनी मॅनिटोबा विद्यापीठात विज्ञान शिकून डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. आयुष्य त्यांना रेडिओकडे आणि तिथून टेलिव्हिजनकडे घेऊन गेलं.

या खेळात प्रश्नच नव्हते, त्यामुळे उत्तरं फुटण्याची भीतीही नव्हती. प्रेक्षकांतूनच स्पर्धक निवडले जात. हॉल यांचं लक्ष आपल्याकडे जावं म्हणून लोक चित्रविचित्र पोशाख करून येऊ लागले आणि तीच त्या कार्यक्रमाची ओळख झाली. हॉल हातात नोटांची गड्डी घेऊन फिरत. हे पैसे घेता की त्या खोक्यात काय आहे ते घेता? खोकं घेतलंत, आता ते सोडून पडद्यामागचं घेता? पडद्यामागे नवी गाडी असेल किंवा एखादं गाढव, एखादी शेळी, मोडकं सामान असेल. शेवटच्या मोठ्या सौद्यात तीन दारं असत.

कशामागे काय आहे हे हॉल यांना ठाऊक असे, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. ‘ट्वेंटी वन’मध्ये जे लपवलं गेलं तेच इथे उघडपणे खेळाचा गाभा झालं. स्पर्धकाची झटापट दारांशी नव्हतीच; ती होती समोरच्या हसतमुख, जाणत्या माणसाशी. भारतीय प्रेक्षकांनी हाच साचा 2001 मध्ये स्टार प्लसवर अमन वर्मा यांच्या ‘खुल जा सिम सिम’मध्ये पाहिला.

सेल्विन यांचं पत्र

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी फेब्रुवारी 1975 मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. त्यात हॉल यांच्या कार्यक्रमाचा एक काल्पनिक प्रसंग होता. तीन खोकी आहेत. एकात नव्या कोऱ्या लिंकन कॉन्टिनेंटल गाडीच्या किल्ल्या, दोन रिकामी. स्पर्धक एक खोकं निवडतो. हॉल त्याला खोक्याच्या बदल्यात पैसे देऊ करतात, तो ऐकत नाही. मग ते उरलेल्यांपैकी एक रिकामं खोकं उघडून दाखवतात. आता दोन राहिली. शक्यता अर्धी-अर्धी झाली का? सेल्विन यांचं उत्तर होतं: नाही. हातातल्या खोक्याची शक्यता एक तृतीयांशच राहते आणि टेबलावरच्या खोक्याची दोन तृतीयांश होते. सेल्विन यांचा स्पर्धक म्हणूनच खोकी बदलून मागतो.

पटायला जड जात असेल तर 300 डाव मांडून बघावेत. खोक्यांऐवजी दारं घेऊ. प्रत्येक डावात तुम्ही एक नंबरचं दार निवडता. साधारण 100 डावांत गाडी एक नंबरमागे असेल, 100 डावांत दोनमागे आणि 100 डावांत तीनमागे. पहिल्या शंभरांत तुमचं दार बरोबर आहे. बदललं तर गाडी जाईल. उरलेल्या दोनशे डावांत सूत्रसंचालकाला निवडीची मुभाच नाही. गाडी दोनमागे असेल तर त्याला तीनच उघडावं लागतं आणि तीनमागे असेल तर दोनच. गाडी झाकून ठेवण्याच्या धडपडीत तो ती कुठे आहे हे सांगून बसतो. दार बदलणारा 200 वेळा जिंकतो, न बदलणारा 100 वेळा.

सेल्विन यांच्यावर आक्षेपांची पत्रं आली. ऑगस्ट 1975 मध्ये त्यांनी दुसरं पत्र छापलं आणि त्यात या कोड्याला हॉल यांचं नाव दिलं. या दुसऱ्या पत्रात आपलं उत्तर कशावर उभं आहे हे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. हॉल यांना किल्ल्या कुठे आहेत ते ठाऊक आहे, आणि जेव्हा उरलेली दोन्ही खोकी रिकामी असतील तेव्हा ते त्यांतलं कुठलं उघडायचं हे कसलाही कल न ठेवता ठरवतात. पहिला भाग सूत्रसंचालकाच्या माहितीबद्दल आहे, दुसरा त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल. या दोन अटींवर सगळं गणित तोललेलं आहे.

गार्डनर यांच्या 1959 च्या कोड्यातही या दोन्ही अटी होत्या. तीन कैद्यांपैकी एकाला माफी मिळाली आहे. कोणाला, हे तुरुंगाधिकाऱ्याला ठाऊक आहे. पहिला कैदी त्याला विचारतो, उरलेल्या दोघांपैकी नक्की मरणार असा एक तरी सांगा. माफी मलाच असेल तर नाणं उडवून दोघांतला एक सांगा. अधिकारी दुसऱ्याचं नाव घेतो. आपली शक्यता एक तृतीयांशावरून निम्म्यावर आली म्हणून पहिला कैदी खूश होतो, पण तसं काहीच झालेलं नसतं. शक्यता वाढली ती तिसऱ्या कैद्याची. नाणं उडवण्याची ती अट गार्डनर यांनी मुद्दाम घातली होती, कारण अधिकाऱ्याचा कल एका बाजूला असेल तर उत्तर बदलतं हे त्यांना ठाऊक होतं.

सेल्विन यांना खुद्द माँटी हॉल यांचंही पत्र आलं. एक खोकं रिकामं निघालं तरी स्पर्धकाची शक्यता वाढत नाही, ती एक तृतीयांशच राहते, हे हॉल यांनी स्वतःच्या भाषेत बरोबर लिहिलं होतं. एक खोकं रिकामं निघाल्यावर आमच्या कार्यक्रमात हातातलं खोकं बदलू देत नाहीत, हेही त्यांनी बजावलं होतं.

दहा हजार पत्रं

यानंतर पंधरा वर्षं कोडं मुख्यतः तज्ज्ञांच्या वर्तुळातच राहिलं. 9 सप्टेंबर 1990 रोजी ते ‘परेड’ या साप्ताहिकात आलं. देशभरातल्या शेकडो वर्तमानपत्रांबरोबर रविवारी घरोघरी जाणारं हे मासलेवाईक लोकप्रिय प्रकाशन होतं. त्यात मेरिलिन व्हॉस सव्हंट यांचं वाचकांच्या प्रश्नांचं सदर असे. सर्वाधिक बुद्ध्यांकासाठी गिनेसच्या विक्रमांत त्यांचं नाव नोंदलं गेलं होतं. मेरिलँडमधल्या एका वाचकाने विचारलं, तीन दारं आहेत, एकामागे गाडी, दोहोंमागे शेळ्या. मी एक नंबर निवडला. दारांमागे काय आहे हे जाणणाऱ्या सूत्रसंचालकाने तीन नंबर उघडून शेळी दाखवली आणि विचारलं, दोन नंबर घेता का? बदलण्यात फायदा आहे का?

व्हॉस सव्हंट यांचं उत्तर थोडक्यात होतं. हो, बदला. पहिल्या दाराची शक्यता एक तृतीयांश, दुसऱ्याची दोन तृतीयांश. समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी दहा लाख दारांची कल्पना करायला सांगितली: तुम्ही एक निवडलं, जाणत्या सूत्रसंचालकाने उरलेल्यांपैकी एक सोडून सगळी उघडली, तर ते न उघडलेलं दार तुम्ही सोडाल का?

मग पत्रांचा पूर लोटला. सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यांतली हजाराच्या आसपास पीएच.डी. झालेल्यांची होती. बहुसंख्य पत्रांत त्यांना चूक ठरवलं होतं. विद्यापीठांतून आलेल्या पत्रांतही विरोधकांचाच भरणा होता. कोणी लिहिलं, देशात गणिती निरक्षरता पुरेशी आहे, जगातल्या सर्वोच्च बुद्ध्यांकाने तिच्यात भर घालू नये. कोणी त्यांनाच शेळी म्हटलं. बायका गणिताकडे वेगळ्या नजरेने पाहत असाव्यात, असंही एकाने सुचवलं. एवढे डॉक्टरेट मिळवलेले लोक चुकत असतील तर देशाचं काही खरं नाही, असं आणखी एकाने लिहिलं. अशी अनेक पत्रं विद्यापीठांच्या लेटरहेडवर, सही आणि हुद्द्यानिशी आली होती. ज्यांचा पेशाच पुरावा तपासण्याचा आहे त्यांनी 300 डाव मांडून पाहायची तसदी घेतली नाही, पण एका स्त्रीला जाहीरपणे लाज वाटायला लावण्याची घाई केली. हे वाचताना आजही संताप येतो.

व्हॉस सव्हंट मागे हटल्या नाहीत. डिसेंबर 1990 आणि फेब्रुवारी 1991 मध्ये त्यांनी पुन्हा समजावलं, आणि देशभरच्या शिक्षकांना वर्गात प्रयोग करायला सांगितला. तीन कागदी पेले, एक नाणं, एक मूल सूत्रसंचालक, एक स्पर्धक. हजारो मुलांनी पेले उलटे-सुलटे करून नोंदी ठेवल्या. बदलणाऱ्यांना सुमारे दुप्पट यश मिळत होतं. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत संगणकावर तोच खेळ खेळला गेला. पर्शियन आखातातल्या लढाऊ वैमानिकांच्या बराकींतही वाद रंगला. उत्तर व्हॉस सव्हंट यांच्या बाजूने लागत होतं. टीका करणाऱ्यांपैकी काहींनी मोकळेपणाने चूक मान्य केली. बाकीच्यांनी मौन पत्करलं.

जेवणाच्या टेबलावर

21 जुलै 1991 च्या रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर जॉन टियर्नी यांचा वृत्तांत छापून आला. टियर्नी थेट माँटी हॉल यांच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घरी गेले होते आणि दोघे जेवणाच्या टेबलावर हा खेळ खेळले होते.

आधी सरळ नियमाने. टियर्नी यांनी दहा डाव दार न बदलता खेळले: चार गाड्या, सहा शेळ्या. मग दहा डाव बदलून: आठ गाड्या, दोन शेळ्या. हॉल म्हणाले, बाईंचं उत्तर बरोबर आहे. इतक्या तज्ज्ञांनी अर्धी-अर्धी शक्यता धरली याचं त्यांना नवल वाटलं नाही. त्यांचे स्पर्धकही तसंच धरत. एक दार रिकामं निघालं की आपल्या दाराचं मोल वाढलं असं त्यांना वाटे आणि मग कितीही पैसे देऊ केले तरी ते दार सोडवत नसे. दार उघडणं हा त्यांच्यावर दाब आणायचाच एक मार्ग होता, हे हॉल यांनी सांगून टाकलं.

मग त्यांनी ‘परेड’मधला प्रश्न पुन्हा वाचला आणि त्यातली फट दाखवली. टियर्नी यांनी एक नंबर निवडला. हॉल यांनी लगेच तेच दार उघडलं: शेळी. दुसरं दार दाखवून बदलायची संधी कुठे दिली, असं टियर्नी यांनी विचारलं. दर वेळी संधी दिलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय, असा हॉल यांचा सवाल होता. खेळ त्यांचा, मर्जी त्यांची.

पुढचा डाव. टियर्नी यांनी पुन्हा एक नंबर निवडला. या वेळी हॉल यांनी तीन नंबर उघडून शेळी दाखवली. टियर्नी दोन नंबरकडे वळू लागले तसे हॉल नोटा काढून बदलू नका म्हणून पैसे देऊ लागले. तीन हजार डॉलर. चार हजार. पाच हजार, आता शेवटचे. एवढा आग्रह म्हणजे गाडी दोनमागेच असणार, असं वाटून टियर्नी यांनी पैसे नाकारले आणि दोन नंबर घेतला. दारामागे शेळी होती.

मग हॉल यांनी आपली खेळी उलगडून सांगितली. गाडी एक नंबरमागे आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच टियर्नी यांना तिथून हलवायचं होतं. रक्कम जितकी वाढत गेली, तितकी टियर्नी यांची दोन नंबरवरची श्रद्धा वाढत गेली. सूत्रसंचालकाला प्रत्येक वेळी दार उघडून संधी देणं बंधनकारक असेल तर बदला. पण ते त्याच्या मर्जीवर असेल तर सावध राहा.

पीएच.डी. झालेल्यांच्या हजारभर पत्रांत जे सहसा नव्हतं ते कार्यक्रम चालवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने वीस-बावीस डावांत दाखवून दिलं. त्याच वृत्तांतात मार्टिन गार्डनर यांनीही हेच सांगितलं होतं: सूत्रसंचालक नेहमी रिकामं दार उघडून संधी देणारच, अशी स्पष्ट अट नसेल तर कोडं पुरतं मांडलेलंच नाही. जादूगार म्हणून सुरुवात करून संख्याशास्त्रज्ञ झालेले पर्सी डायकोनिस यांचंही मत होतं, की सूत्रसंचालकाचा हेतू कळल्याशिवाय काटेकोर उत्तर देता येत नाही. दिशाभूल कशी करतात हे दोघांनाही ठाऊक होतं. गार्डनर यांनी तर जादूवर आयुष्यभर लिहिलं.

एकच शेळी, चार सूत्रसंचालक

समजा, तुम्ही एक नंबर निवडला आहे, तीन नंबर उघडा आहे आणि आत शेळी दिसते आहे. दृश्य तेवढंच. आता ते दार उघडणारा माणूस बदलत जाऊ या.

पहिला सूत्रसंचालक सेल्विन यांचा: जाणता, नियमाला बांधलेला, निःपक्षपाती. बदलल्यास दोन तृतीयांश.

दुसऱ्याला गाडी कुठे आहे हे माहीतच नाही. टोरंटोचे संख्याशास्त्रज्ञ जेफ्री रोझेंथल यांनी 2008 मध्ये असा सूत्रसंचालक मांडला, जो केळ्याच्या सालीवरून घसरतो आणि धक्क्याने उरलेल्यांपैकी एक दार उघडलं जातं. पुन्हा 300 डाव घ्या. ज्या 100 डावांत गाडी तुमच्याकडे आहे, तिथे शेळीच दिसणार. उरलेल्या 200 पैकी साधारण 100 डावांत घसरलेल्याच्या हातून गाडीचंच दार उघडेल. ते डाव बाद. शेळी दिसलेले डाव उरले 200, त्यांतले 100 तुमच्या दाराचे, 100 दुसऱ्याचे. इथे शक्यता खरोखरच अर्धी-अर्धी आहे. रागावून पत्रं लिहिणारे नकळत या घसरलेल्या सूत्रसंचालकाचं उत्तर देत होते. शेळी तीच, पण अजाण हाताने दाखवली म्हणून तिच्यातून मिळणारी माहिती वेगळी.

तिसरा जाणता आहे, नियमही पाळतो, पण त्याचा एका दाराकडे कल आहे. दोन्हींमागे शेळ्या असल्या की तो नेहमी तीनच उघडतो; कदाचित ते दार त्याला जवळ पडतं. याने तीन उघडलं तर गाडी एकमागे असलेले 100 डाव आणि दोनमागे असलेले 100 डाव यांत फरक करता येत नाही, म्हणून अर्धी-अर्धी शक्यता. पण त्याने कधी दोन उघडलं, तर तीन नाइलाजानेच टाळलं असणार. गाडी तिथेच आहे, पैज लावा. व्हर्जिनियातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठातल्या चौघांनी, त्यांत एन. राव चागंटी आणि राम दहिया हेही होते, 1991 च्या अखेरीस ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये हा कल गणितात बसवून दाखवला. तो कसाही असला तरी या नियमात बदलणाऱ्याची शक्यता निम्म्याखाली जात नाही. सगळे डाव एकत्र धरले तर त्याचे 300 पैकी 200 विजय कायम राहतात. कल बदलतो तो प्रत्येक उघडलेल्या दाराच्या अर्थात.

चौथा जेवणाच्या टेबलावरचा माँटी हॉल. तुमचं दार बरोबर असेल तेव्हाच तो संधी देतो. इथे बदलणारा दर वेळी हरतो. आणि याच्या उलट, एखादा कनवाळू सूत्रसंचालक तुम्ही चुकला असाल तेव्हाच संधी देत असेल, तर बदलणारा दर वेळी जिंकतो.

म्हणजे समोर तेच दार, तीच शेळी, तोच प्रश्न. आणि उत्तर शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत कुठेही. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीत शक्यता नसते. ती गोष्ट आपल्याला का दाखवली गेली, या कारणात ती असते. या साऱ्या वादातून शिकण्यासारखं एवढंच आहे, पण ते फार मोलाचं आहे.

एर्डिश आणि कबुतरं

विसाव्या शतकातल्या थोर गणितींपैकी एक, पॉल एर्डिश यांनाही हे पचलं नाही. त्यांचे जुने स्नेही अँड्र्यू व्हाझोनी यांनी नव्वदच्या दशकात त्यांना उत्तर सांगितलं तेव्हा ते चिडले. संगणकावर वारंवार खेळवून दाखवल्यावर त्यांनी निकाल मानला, पण असं का होतं हे कळेपर्यंत त्यांना चैन पडेना. त्यांचं समाधान झालं ते गणितज्ञ रॉन ग्रॅहम यांच्या खुलाशाने. त्याचा रोख असा होता, की सूत्रसंचालक दर वेळी संधी देणारच, हे आधीपासून ठाऊक असणं ही किल्ली आहे. एर्डिश यांच्याकडे गणिताची कमी नव्हती. दारापलीकडच्या माणसाचा नियम तेवढा हिशेबात यायचा राहिला होता.

2010 मध्ये अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजातल्या दोन संशोधकांनी हाच खेळ कबुतरांना खेळायला लावला. महिनाभरात कबुतरं जवळजवळ दर वेळी बदलायला शिकली. त्याच खेळात विद्यार्थी तितकेसे शिकले नाहीत. दोन दारं म्हणजे अर्धी-अर्धी शक्यता, असं कबुतरांना कोणी शिकवलेलं नसतं. बदलल्यावर काय मिळतं, एवढंच ती पाहतात.

आपल्यापुढे रोज दारं उघडली जातात. आंब्याची पेटी उघडून विक्रेता वरचा थर दाखवतो, तेव्हा तो थर सहज हाताला आला की निवडून वर रचला, यावर खालच्या थरांबद्दलचा अंदाज ठरतो. जाहिरातीतला सर्वेक्षणाचा आकडा, प्रचारसभेतला विकासाचा तक्ता, नव्या औषधाच्या यशस्वी ठरलेल्या चाचण्या, या सगळ्यांना तोच नियम लागू आहे. आकडा खरा असू शकतो, तीन नंबरमागची शेळीही खरीच होती. म्हणून आकड्याशी भांडण्याआधी तो दाखवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. दाखवण्याआधी तुम्हाला सगळं माहीत होतं का? निकाल उलटा असता तरीही तुम्ही तो दाखवला असता का? आणि दाखवण्याजोगं एकाहून जास्त होतं तेव्हा हेच का निवडलंत?

माँटी हॉल 2017 साली, शहाण्णवाव्या वर्षी, बेव्हर्ली हिल्समध्ये वारले. त्यांचं नाव आता टेलिव्हिजनपेक्षा संख्याशास्त्राच्या वर्गांत जास्त घेतलं जातं. तिथे मुलं दोन तृतीयांश हे उत्तर पाठ करतात, आणि नेमकी तिथेच गफलत होते. दोन तृतीयांश हे दारांचं उत्तर नाही. सूत्रसंचालकाला काय ठाऊक आहे आणि त्याला कोणत्या नियमाने वागावं लागतं, यांबद्दल सेल्विन यांनी ऑगस्ट 1975 मध्ये लिहिलेल्या त्या एका वाक्याचं ते उत्तर आहे. ते वाक्य फळ्यावर आधी लिहावं, मग शक्यता मोजायला बसावं. आणि ज्याला असं वाक्य लिहून द्यायची तयारी नाही, त्याच्या उघड्या दाराकडे पाहून आपला निर्णय बदलू नये.